चिऱ्याच्या भिंतीवर चित्रे लावताना : माझा अनुभव

गेल्या जानेवारीत रत्नागिरीत आम्ही काही मंडळींनी मिळून तीन दिवसांचा कलामहोत्सव भरवला. शहरात चार ठिकाणी प्रदर्शने, रोज संध्याकाळी एक प्रयोग आणि ही ठिकाणे जोडणारी, मार्गदर्शकासह पायी करायची ‘चित्रफेरी’ असे त्याचे स्वरूप होते. शाळेत एकतीस वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालो असल्याने प्रदर्शनांची आणि चित्रफेरीची जबाबदारी माझ्याकडे आली. आपल्या गावात असे काही करू पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून ते नऊ महिने जसे गेले तसे लिहून काढत आहे.

कल्पनेचे मूळ पणजीत होते. तेथे २०१६ पासून डिसेंबर महिन्यात सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो आणि जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची वास्तू हे त्याचे एक मुख्य ठिकाण असते. मुंबईचा काळा घोडा महोत्सव मी पूर्वी पाहिला होता. तो १९९९ पासून जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास नऊ दिवस चालतो आणि त्यातली गर्दी मनात राहते. पणजीत मात्र मनात राहिली ती एक तरुण मार्गदर्शिका. तिने आम्हा पंधरा-वीस जणांना संपूर्ण दालन दाखवण्याचा आग्रह न धरता तीनच चित्रांसमोर उभे केले आणि प्रत्येक चित्रापाशी आधी आम्हाला बोलू दिले. आमच्याकडे प्रदर्शनाचे उद्घाटन होते, दीपप्रज्वलन होते, भाषणे होतात आणि पाहुणे गेले की दालनात चित्रकाराचे नातेवाईकच उरतात. ही रिकामी दालने मी आयुष्यभर पाहत आलो आहे आणि त्यांचे मला मनापासून वाईट वाटते.

महिना ठरवण्यातच पहिला पेच पडला. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो, त्यामुळे कागदावरची चित्रे त्या काळात घराबाहेर काढणे योग्य नव्हते. गणपती आणि शिमगा हे दिवस घराघराचे असतात. डिसेंबरात सभागृहे शाळांच्या स्नेहसंमेलनांनी अडलेली असतात. उरला जानेवारी. परंतु नमन-खेळे या कोकणी लोकनाट्याच्या मंडळांतले निम्मे गडी मुंबईला नोकरीला असतात आणि ते गावी येतात शिमग्याला, ही अडचण जानेवारीत पुढे येणारच होती. शेवटी जे मंडळ आले त्यातले सहा जण रजा टाकून रात्रीच्या गाडीने आले आणि प्रयोग करून दुसऱ्या रात्री परत गेले. त्यांचे ऋण आमच्यावर आहे.

परवानग्यांबद्दल फार विस्तार करत नाही, पण दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची परवानगी लागते, जागेसाठी मालकाचा ना हरकत दाखला लागतो, आणि यातला एक कागद दुसऱ्या कागदाची वाट पाहत थांबतो. एका कार्यालयात आमचा अर्ज गहाळ झाला. आमच्यातील एका जुन्या कारकुनाने प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ठेवला होता, म्हणूनच आठ दिवसांत काम मार्गी लागले. अन्यथा महिना गेला असता. दुसरी गोष्ट ध्वनीची. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र ठरू शकतो. नमनासाठी आम्ही पसंत केलेली मोकळी जागा एका रुग्णालयापासून किती अंतरावर आहे, हे मी स्वतः टेप धरून मोजले. अंतर चौऱ्याऐंशी मीटर भरले. जागा बदलली. नमन रात्रभर रंगणारा खेळ आहे; त्याला साडेसहा ते दहा अशा वेळेत बसवताना मंडळाने गण, गवळण आणि संकासुराचे सोंग राखून वगाला, म्हणजे मुख्य कथानाट्याला, कात्री लावली. ती तडजोड मला आजही पूर्णपणे पटलेली नाही, पण नियम रुग्णांसाठी आहे आणि तो पाळणे योग्यच होते.

माझा खरा वेळ गेला तो चित्रे मिळवण्यात आणि ती भिंतीवर लावण्यात. मुख्य प्रदर्शन एका जुन्या घराच्या माजघरात आणि पडवीत भरवायचे ठरले होते आणि विषय होता जुन्या रत्नागिरीची जलरंगचित्रे. शहरात अशी चित्रे आहेत, पण ती घराघरांत, देवघराच्या बाजूला किंवा माळ्यावर आहेत. त्यांतले सर्वांत सुंदर चित्र एका आजींकडे होते. त्यांचे सासरे शाळेत ड्रॉइंग मास्तर होते आणि त्यांनी मांडवीचा धक्का, बाहेर उभी असलेली आगबोट आणि तिच्यावरून उतारू घेऊन किनाऱ्याकडे येणारा शिडाचा पडाव असे चित्र काढले होते. आजींनी ते द्यायला नकार दिला नाही, एवढेच म्हणाल्या, “नेताय तसंच परत येईल, हे लिहून द्या.”

“तसंच” म्हणजे कसे, हे लिहायचे तर आधी चित्र नीट पाहायला हवे होते. आम्ही दोघे ओटीवर बसलो. मी भिंग घेतले आणि एका कागदावर चित्राची रूपरेषा काढून तिच्यावर प्रत्येक दोष नोंदवत गेलो : आकाशात दमटपणामुळे पडलेले तपकिरी ठिपके अकरा, उजव्या खालच्या कोपऱ्यात कसरीने खाल्लेली बोटभर कड, पाण्याच्या भागात काचेला चिकटल्याची एक खूण. खाली दोघांच्या सह्या झाल्या, एक प्रत त्यांना, एक मला. मोठ्या संग्रहालयांत चित्र हलवण्यापूर्वी अशी नोंद करतातच. आपल्याकडे ओळखीवर चित्र नेले जाते आणि पुढे एखादा ठिपका दिसला की ओळखच संपते. त्यानंतर सतरा घरांतून मी अशीच नोंद करून चित्रे आणली आणि एकाही घरात मला दुसऱ्यांदा विनंती करावी लागली नाही.

चित्रे जुन्या चौकटींतून बाहेर काढल्यावर लक्षात आले की बहुतेकांच्या मागे साधा पुठ्ठा होता आणि त्याचा पिवळेपणा कागदात उतरला होता. आम्ही आम्लविरहित कागदाचा आधार दिला आणि काच चित्राला टेकू नये म्हणून माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची कड, जाड घेतला. कोणीतरी दालनात वातानुकूलन यंत्र बसवण्याची तयारी दाखवली. ती मी आभार मानून नाकारली. दिवसा थंड आणि रात्री यंत्र बंद, या चढउताराने कागद जितका ताणला आणि सैलावला जातो तितका तो स्थिर दमटपणाने जात नाही. त्याऐवजी आर्द्रतामापक आणला. ऑक्टोबरमध्ये त्याच माजघरात ८४ टक्के दाखवणारा काटा जानेवारीत साठाच्या आसपास स्थिरावला होता. जलरंगांसाठी प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आत ठेवण्याचा संकेत आहे, म्हणून खिडक्यांना दुहेरी मलमल लावली आणि दिवे भिंतीकडे न वळवता आढ्याकडे वळवले.

घर चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, आणि गिलावा चुन्याचा. अशा भिंतीत खिळा ठोकला की गिलाव्याचा पोपडा सुटतो, आणि मालकांनी एकही भोक पाडायचे नाही ही अट घातली होती, ती रास्तच होती. तेव्हा आम्ही वरच्या तुळईला आडवी काठी बांधून तिच्यावरून मासेमारीच्या तंगुसाने, म्हणजे नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्याने, चित्रे सोडली. तंगूस दिसत नाही, मजबूत असतो आणि मिरकरवाडा बंदरात सहज मिळतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी चित्रे दोन-दोन बोटे खाली आलेली! नायलॉन वजनाने ताणत जातो, हे मला माहीत असायला हवे होते. उद्घाटनाला दीड दिवस उरला असताना सगळी चित्रे उतरवून बारीक तारेवर घेतली आणि प्रत्येक चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवले, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामध्ये हवा खेळती राहते.

दुसऱ्या एका दालनात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चित्रकथी होत्या. त्या काचेमागे ठेवल्या तर नुसती चित्रे उरतात. पोथीतले एकेक पान पुढे धरून कथा गायली जाते तेव्हाच ती चित्रकथी होते. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाल्यापासून या कलेचे नाव लोकांच्या कानांवर आहे, पण गायन ऐकलेले लोक थोडेच. म्हणून तेथे भिंतीवर मोजकीच पाने लावली आणि दर दोन तासांनी कलावंतांनी रामायणातला एक प्रसंग सादर केला.

कातळशिल्पांचे, म्हणजे सड्यांवरच्या (जांभ्याच्या उघड्या पठारांवरच्या) कातळात कोरलेल्या प्राचीन आकृत्यांचे काय करावे, हा प्रश्न बरेच दिवस सुटत नव्हता. कोकणातील कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आहेत, तरी सड्यावर जाऊन ती पाहिलेले रत्नागिरीकर फार नाहीत, आणि छायाचित्रात त्यांचा आकार कळत नाही. कशेळी गावच्या सड्यावरचा कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. तो सभागृहात मावणारा नव्हता, तेव्हा शाळेच्या मैदानावर काढायचा ठरवला. रेखाकला परीक्षेला बसणाऱ्या मुलांना चित्र मोठे करण्याची चौकटींची पद्धत मी वर्षानुवर्षे शिकवली होती. तीच वापरून खुंट्या ठोकल्या, सुतळीने मीटर-मीटरचे चौकोन आखले आणि नववीच्या मुलांनी कबड्डीचे मैदान आखण्याच्या फक्कीने रेषा ओढल्या. सकाळी आठ ते साडेबारा एवढा वेळ लागला. जवळ उभे राहिल्यावर नुसत्या पांढऱ्या वळणरेषा दिसत होत्या, मुले दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत गेली आणि तिथून एकदम ओरडा झाला : “सोंड! सर, ती सोंड आहे!” ज्यांनी हा आकार प्रथम कातळावर कोरला, त्यांना तो असा वरून कधीच दिसला नसणार, असे मी त्यांना सांगितले तेव्हा सगळी मुले गप्प झाली.

चित्रफेरीसाठी सावर्डे आणि देवरुख येथे कलाशिक्षण घेणारे आठ विद्यार्थी मिळाले. त्यांना मी पाठ केलेली माहिती बोलू दिली नाही. एका फेरीत वीस माणसे, प्रत्येक ठिकाणी तीन चित्रे आणि सुरुवात प्रश्नाने, एवढाच शिरस्ता ठेवला. शेवटची फेरी संध्याकाळी थिबा राजवाड्याच्या परिसरात संपत असे. १९१० साली ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी बांधलेली आणि १९१६ साली त्याचा अंत पाहिलेली ती वास्तू भाट्याच्या खाडीवरचा प्रकाश मावळताना पाहणे, याला वेगळ्या निवेदनाची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या फेरीत मांडवीच्या चित्रासमोर विद्यार्थिनीने विचारले, “या चित्रात वारा कुठून येतो आहे?” चित्राला मूळ शीर्षक नव्हते. धुरकट रंगांवरून अंदाज करून मीच चित्राच्या नावाच्या पट्टीवर ‘मांडवी : सकाळ’ असे लिहिले होते. फेरीत मागे एक वयस्क मच्छीमार उभे होते, ते पुढे आले, शिडाच्या फुगवट्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “हा वारा समुद्रावरनं जमिनीकडं चाललाय. सकाळी मतलई असते, ती उलटी. हे दुपारचं हाय.” मतलई वारे आणि खारे वारे आम्ही शाळेत शिकवतो, तरी ते शिडात वाचणे मला सुचले नव्हते. त्या रात्री मी पट्टी बदलली.

महोत्सव संपल्यावर चौथ्या दिवशी चित्र घेऊन आजींकडे गेलो. त्यांनी आपली प्रत काढली, चष्मा लावला आणि आकाशातले ठिपके एकेक करून मोजले. अकरा भरल्यावर त्यांनी सही केली. मग मी त्यांना पट्टीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “दुपारचंच असणार. शाळा सुटली की रंगांची पेटी घेऊन ते थेट धक्क्यावर जायचे. सकाळी त्यांना कुठली सवड!” चित्र पूर्वी पश्चिमेच्या भिंतीवर होते, तिथे पावसाळ्यात ओल येते. ते आता जिन्याजवळच्या आतल्या भिंतीवर लावावे, असे मी सुचवले. त्यांना ते पटले. सुताराकडून आणलेली लाकडी गुट्टी मी जपून भिंतीत बसवली, मागे बुचाचे तुकडे आहेत ना ते त्यांनी स्वतः हात लावून पाहिले, आणि मग चित्र टांगले.