टाकीचं पॅनेल, नोंद ४ : दिवा लुकलुकवायचा कुणी?

खालच्या हौदातलं पाणी संपलं की स्क्रीनवरचा लाल दिवा लुकलुकला पाहिजे, एवढंच या रविवारचं काम होतं. पंप कोरडा फिरू नये म्हणून रिले त्याला आधीच बंद करतो, पण तो का बंद पडला ते लांबूनच कळायला हवं. सामान तेच आहे : जुना डेल्टा डीव्हीपी पीएलसी (पंप सांभाळणारा छोटा औद्योगिक संगणक), डेल्टाचीच एचएमआय (म्हणजे ती स्क्रीन) आणि मध्ये दोघांत माहिती नेणारी आरएस-४८५ ची केबल.

आधी सरळ वाट धरली. एम१०१३ हा पीएलसीतला एक सेकंदाचा क्लॉक बिट (आपोआप चालू-बंद होणारी खूण) आहे, अर्धा सेकंद चालू आणि अर्धा बंद. तो फ्लोट स्विचच्या (हौदातली पातळी सांगणाऱ्या तरंगत्या स्विचच्या) कॉन्टॅक्टला सिरीजमध्ये घेतला, पुढे एम५० हा बिट ठेवला आणि स्क्रीनवरच्या दिव्याला तोच पत्ता दिला. (मित्सुबिशीच्या एफएक्स पीएलसीवर हाच बिट एम८०१३ असतो. सीमेन्स एस७-१२०० वर क्लॉक मेमरी बाइट चालू केली की बिट क्रमांक ५ एक हर्ट्झचा मिळतो.) खात्रीसाठी एम५० वरून वाय० हे पीएलसीचं आउटपुट पण चालवलं. पीएलसीवरचा एलईडी घड्याळासारखा चालला. स्क्रीनवरचा दिवा मात्र आठ-दहा सेकंद पेटून राहायचा आणि मग तेवढाच वेळ विझलेला.

लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम, तीनदा तपासली. चूक तिच्यात नव्हतीच, वायरवरच्या वेळेत होती. लिंक ९६००, ७, ई, १ (सेकंदाला ९६०० बिट, अक्षरात ७ डेटा बिट, ईव्हन पॅरिटी, १ स्टॉप बिट), अक्षरांतून विचारणा आणि उत्तर पाठवणाऱ्या मॉडबस अ‍ॅस्कीवर आहे. स्टार्ट बिट धरून एका अक्षराला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. एक रजिस्टर (पीएलसीतली आकडा ठेवायची जागा) वाचायला विचारणा १७ अक्षरांची आणि उत्तर १५ अक्षरांचं, मिळून साधारण ३३ मिलिसेकंद. माझ्या पानावर इकडेतिकडे विखुरलेले २५ पत्ते आहेत. त्यांचीच ०.८३ सेकंद झाली, वर प्रत्येक उत्तराआधीची थांबण्याची वेळ वेगळी. म्हणजे एचएमआय जवळपास सेकंदातून एकदाच बघते, आणि बिट नेमका एक सेकंदाचा. प्रत्येक वेळी ती त्याला जवळजवळ त्याच अवस्थेत गाठते. पंख्याची पाती ट्यूबलाइटखाली थांबल्यासारखी दिसतात, तसाच हा प्रकार.

म्हणून आता पीएलसी फक्त अवस्था सांगतो आणि लुकलुकणं एचएमआय करते. मल्टिस्टेट इंडिकेटरमध्ये (आकड्याप्रमाणे रूप बदलणाऱ्या दिव्यात) प्रत्येक स्टेटला ब्लिंकचा पर्याय असतोच. अलार्मची अवस्था डी१०० या रजिस्टरमध्ये ठेवली आहे : १ म्हणजे ठीक, २ म्हणजे नवा अलार्म (लाल, लुकलुकणारा), ३ म्हणजे बघितलेला अलार्म (लाल, स्थिर), आणि ४ म्हणजे कुणी बघायच्या आत येऊन गेलेला. हा चौथा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. रात्री दोनला हौद रिकामा होऊन तीनला भरला, तर सकाळी तेही कळलं पाहिजे.

अ‍ॅक्नॉलेज बटणाला (‘अलार्म बघितला’ असं सांगणाऱ्या) एलडीपी, म्हणजे रायझिंग एज (फक्त दाबल्याचा क्षण पकडणारी सूचना), नक्की लावा. नुसता कॉन्टॅक्ट घेतला आणि बटणाचा बिट चालूच राहिला, तर पुढचा प्रत्येक अलार्म आपोआप ‘बघितलेला’ ठरतो.

लुकलुकण्याच्या वेगाबद्दल आयईसी ६००७३ या आंतरराष्ट्रीय मानकात दोन पट्टे दिले आहेत : संथ ०.४ ते ०.८ हर्ट्झ आणि नेहमीचा १.४ ते २.८ हर्ट्झ. नव्या अलार्मला मी नेहमीचा देणार आहे. चौथ्या अवस्थेला संथ शोभेल. पंप चालू असल्याचा हिरवा दिवा स्थिरच राहील. चालू यंत्राचा दिवाही लुकलुकवला, तर खऱ्या अलार्मकडे नजर जाणार कशी?

जाता जाता विखुरलेले पत्ते डी१०० ते डी११९ असे सलग केले. आता एकाच विचारणेत वीसही रजिस्टरं येतात : १७ अधिक ९१, म्हणजे १०८ अक्षरं, सुमारे ०.११ सेकंद. पान बदललं की आकडे लगेच दिसतात.

शेवटी पीएलसी मुद्दाम स्टॉपवर टाकून पाहिला. माझ्या सेटिंगमध्ये डी१०० शून्य झाला. सुरुवातीला ‘ठीक’साठी मी शून्यच ठेवला होता, त्यामुळे बंद पीएलसीसमोर स्क्रीन सगळं छान असल्याचं दाखवत होती. तेव्हाच ‘ठीक’ला १ दिला आणि शून्याला राखाडी रंग, वर ‘माहिती नाही’ असा मजकूर. तुमच्या पॅनेलवर शून्याचा अर्थ काय ठेवला आहे, तेवढं आज बघून घ्या. पुढच्या रविवारी ओव्हरलोड ट्रिपचा दिवा.