पार्किंगचा वार्षिक पास बंद करा, रोजचे पैसे घ्या

कॅम्पसवर गाड्या मावेनाशा झाल्या की पहिला प्रस्ताव येतो तो बहुमजली पार्किंगचा. त्याआधी एकच गोष्ट तपासा: वाहन पासचे पैसे कसे घेतले जातात? बहुतेक ठिकाणी कर्मचाऱ्यांना पास फुकट असतो, नाहीतर वर्षातून एकदा पैसे भरून स्टिकर मिळतो. स्टिकर लागला की उरलेलं वर्षभर गाडी आत आणायला काही पडत नाही. बसचं तिकीट मात्र रोज काढावं लागतं. त्यामुळे आठवड्यातले दोन दिवस सहज बसने येऊ शकणारा माणूसही गाडीच काढतो, आणि हिशेबाने त्याचं बरोबरच असतं.

अमेरिकेतल्या केंब्रिज शहरातल्या एमआयटीने २०१६ मध्ये नेमकं हेच बदललं. कर्मचाऱ्यांचा वार्षिक परमिट काढून रोजचं शुल्क आणलं. त्याच वेळी ओळखपत्रातच बस आणि भुयारी रेल्वेचा पास दिला. प्रवास कर्मचाऱ्याला फुकट आणि संस्था पैसे भरते ते प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्यांचे. वर्षभरात कुणी किती भरायचं याला कमाल मर्यादा ठेवली. ही मर्यादा फार महत्त्वाची, कारण रोज गाडी आणणाऱ्यालाही 'मला जास्त पडणार' असं म्हणता येत नाही.

आपल्याकडे हे करताना पहिली चूक होते ती दरात. समजा आज मोटारीचा वार्षिक पास ६,००० रुपये आहे. रोजचे ३० रुपये लावले तर २०० दिवसांत मर्यादा गाठली जाते आणि वर्षाच्या शेवटी गाडी पुन्हा फुकट होते. दर असा हवा की मर्यादा वर्षअखेरच गाठली जाईल. कामाचे दिवस २४० धरले तर २५ रुपये. आठवड्यातून तीनच दिवस गाडी आणणाऱ्याचे ४८ आठवड्यांत ३,६०० होतात, म्हणजे २,४०० वाचतात. संस्थेचं पार्किंगचं उत्पन्न घटेल. घटू द्यावं, ते घटलं म्हणजेच गाड्या कमी आल्या.

जिथे पास फुकटच आहे तिथे थेट शुल्क लावलं की संघटना विरोध करणार, आणि तो समजण्यासारखा आहे. तिथे कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये कायद्यात आणलेली कल्पना उपयोगी पडते. डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी ती लावून धरली होती: जागा फुकट देता, तर ती न वापरणाऱ्याला तिची किंमत रोख द्या. खर्च आधी मांडा. सगळ्याच १,००० कर्मचाऱ्यांना महिना ३०० रुपये द्यायचे आणि गाडी आणणाऱ्याकडून रोजचं शुल्क घ्यायचं, म्हणजे देणं ३ लाख. ४०० मोटारी २२ दिवस २५ रुपयांनी आल्या तर २ लाख २० हजार परत येतात. वरचे ८० हजार खिशातून जातात. अनुदानित संस्थेला पगारातला भत्ता परस्पर वाढवता येत नाही, म्हणून ही रक्कम स्वनिधीतून बस किंवा मेट्रोच्या कार्डात भरावी.

दुचाकींना वगळू नका. आपल्या कॅम्पसवर गर्दी त्यांचीच असते, आणि दुचाकी फुकट ठेवली तर बसचे प्रवासी तिच्याकडे वळतात. ५ रुपये पुरेत. दिव्यांगांच्या वाहनांना आणि संध्याकाळी ६ नंतर येणाऱ्यांना माफी हवीच, नाहीतर रात्री प्रयोगशाळेत थांबणाऱ्या मुली अडचणीत येतात.

गेटवर नोंदीसाठी गाड्यांना आरएफआयडी टॅग, म्हणजे फास्टॅगसारखा रेडिओ लहरींनी वाचला जाणारा स्टिकर लावा, पण जागा बघून. दुचाकीवर साधा स्टिकर टाकीच्या पत्र्यावर लावला तर वाचलाच जात नाही, धातू सिग्नल मारतो. तो हेडलाइटच्या काचेवर किंवा प्लॅस्टिकच्या भागावर हवा. मोटारीच्या काचेला धातूमिश्रित फिल्म असेल तरीही हाच घोळ. टॅग वाचला गेला नाही तर गाडी अडवू नका, नंबर टिपा आणि सोडा. सकाळी एक गाडी अडली की रांग थेट रस्त्यावर जाते. दिवसातून एकदाच पैसे कापले जातील अशी नोंद ठेवा, जेवायला बाहेर जाऊन आलेल्याला दुसऱ्यांदा लागू नयेत.

शुल्क सुरू झालं की काही गाड्या शेजारच्या गल्ल्यांत उभ्या राहतात. म्हणून महिनाभर आधी वाहतूक पोलिसांशी बोलून तिथे सम-विषम तारखेचे फलक लावून घ्यावेत. रहिवासी चिडले की योजना तिथेच संपते.

पर्याय खरे हवेत. मुख्य गेटच्या थांब्यापासून विभाग ८०० मीटरांपेक्षा लांब असेल तर आत शटल लागते. पवईच्या आयआयटीत 'टमटम' हेच काम करते. ४ किलोमीटरची फेरी, थांबे धरून ताशी १२ किलोमीटरचा वेग आणि टोकाला ४ मिनिटं विसावा, म्हणजे २४ मिनिटं. दर ८ मिनिटांनी गाडी हवी तर तीन लागतात. दोनच घेतल्या तर १२ मिनिटं ताटकळावं लागतं आणि लोक चालू लागतात.

सायकलींना पुढचं चाक अडकवायचे स्टँड नकोत, त्यात रिम वाकते आणि फ्रेमला कुलूप लागत नाही. ५० मिलिमीटर पाइपचा, ७५ सेंटिमीटर उंच उलटा यू जमिनीत पक्का गाडा. दोन स्टँडमध्ये १ मीटर अंतर ठेवलं तर एका मोटारीच्या २.५ बाय ५ मीटर जागेत दहा सायकली राहतात. वर पत्रा हवा, आणि जागा दारापासून ३० मीटरांच्या आत हवी.

गाडी घरी ठेवणाऱ्यांची खरी भीती वेगळीच असते: मुलाच्या शाळेतून अचानक फोन आला तर? अशा वेळी रिक्षाचं बिल संस्थेने द्यावं, वर्षातून चार वेळा. फार थोडे लोक ते वापरतात, पण हमी असल्यामुळे बरेचजण बसचा विचार करतात.

मोजणी गेटवर मंगळवार ते गुरुवार, सकाळी ७.३० ते १०.३०, दर पंधरा मिनिटांची करा, परीक्षेचे आठवडे सोडून. गाड्यांबरोबर आतली माणसंही मोजा आणि आकडे विभागवार लावा. प्रॅक्टिकल ८ ला सुरू होतं आणि पहिली बस ८.१० ला पोचते अशा विभागात शुल्क कितीही ठेवलं तरी गाड्या घटणार नाहीत. तिथे आधी बसची वेळ बदलून घ्या, नाहीतर प्रॅक्टिकल ८.३० ला न्या.