शेटलंडचा फुल्मर आणि माझं जॅकेट

माझं निळं जॅकेट तीन आठवडे झाले, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर टांगलेलं आहे. दोनदा साबणात भिजवलं, एकदा रिठ्यात, आणि शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून एकदा बेसन चोळूनही धुतलं. पावसात वास जरा निवतो, ऊन पडलं की पुन्हा उठतो. जुलैत शेटलंडला, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवर गेले होते, तिथे फुल्मर नावाच्या एका समुद्रपक्ष्याने माझ्यावर तेल टाकलं, त्याचा हा प्रसाद. इथल्या दोघीतिघींना पुढच्या वर्षी जायचंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भाची स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला शिकते, म्हणून हे जमलं. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मला बडोद्याहून अहमदाबाद गाठावं लागलं, असा एक दिवस धरून चाला. दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेऊ देत नाहीत, तेव्हा पेढे घरीच ठेवा. खाकरे न्या. लीलो चिवडाही नेला होता, पण तो बोटीवरच संपला.

बोट अ‍ॅबर्डीनहून संध्याकाळी सुटते आणि सकाळी शेटलंडच्या मुख्य गावाला, लर्विकला लागते. वाटेत ऑर्कनी बेटांवर थांबली तर चौदाएक तास, नाही तर बाराएक. आम्ही पैसे वाचवायला नुसत्या खुर्च्या घेतल्या. ही चूक करू नका, केबिन घ्या. आणि उलटीची गोळी बोट हलायच्या आधी घ्यायची, पोटात ढवळायला लागल्यावर नाही.

लर्विकहून दक्षिणेला संबर्ग हेड हे समुद्रात घुसलेलं कड्याचं टोक चाळीस किलोमीटरच्या आसपास. बस विमानतळाकडे जाते, पुढे चढ चालत. या रस्त्याची एक गंमत आहे. तो थेट धावपट्टी ओलांडतो आणि विमान यायचं असलं की फाटक पडतं. डभोईच्या छोट्या गाडीसाठी फाटकात ताटकळलेल्या आमच्या पिढीला तिथे एकदम घरच्यासारखं वाटलं. टोकावर १८२१ साली रॉबर्ट स्टीव्हन्सनने बांधलेलं दीपगृह आहे, आणि वारा असा की टोपी डोक्यावर आहे की समुद्रात, ते हाताने चाचपून बघावं लागतं.

लोक तिथे येतात पफिन बघायला. रंगीत चोचीचा पफिन फोटोत छान येतो, हे खरं. पण मला फुल्मर जास्त आवडला, म्हणजे अंगावर तेल पडायच्या आधीपर्यंत. लांबून तो समुद्रपक्ष्यांतला कुरव (सीगल) वाटतो, तसा तो नाही. अल्बट्रॉसच्या नात्यातला आहे. चोचीवर नाकपुड्यांची नळी असते. पंख ताठ धरून, एकदाही न फडफडवता, तो कड्याच्या वाऱ्यावर तरंगत तुमच्या डोळ्यांसमोरून जातो आणि जाताना काळ्याभोर डोळ्याने नीट बघून घेतो.

वाटेच्या कडेला दगडी गडगा आहे. त्यावर कोपर टेकून मी फोन पुढे केला. पलीकडे, हातभर अंतरावर, गवतात एक फुल्मर बसला होता, आणि त्याच्या पोटाखालून कापसाच्या बोळ्यासारखं पिल्लू डोकावत होतं. पक्ष्याने मान ताणली, चोच उघडली आणि घशातून ‘क-क-क-क’ असा खाकरल्यासारखा आवाज काढला. भाची ओरडली, “मावशी, मागे हो!” मला वाटलं, फोटो छान येतोय. दुसऱ्या क्षणाला बाहीवर काहीतरी कोमट येऊन आदळलं. नारिंगी, चिकट. लहानपणी थंडीत चमच्याने पाजायचे ते माशाचं तेल आठवतंय? ते महिनाभर उन्हात ठेवलं तर जे होईल, ते.

हे तेल त्याच्या जठराच्या पुढच्या भागात साठतं, खाल्लेल्या माशांतून आणि इतर समुद्री जिवांतून निघालेलं. लांबच्या फेरीत हीच त्याची शिदोरी, आणि पिल्लालाही हेच भरवतात. शत्रू आला की तेच पाचसहा फुटांवर फेकतात. पिल्लूही अगदी लहान वयात हे करायला लागतं. माणसाचं एक जॅकेट जातं, शिकारी पक्ष्याचा जीव जाऊ शकतो. तेलाने पिसं एकमेकांना चिकटतात, ऊब आणि पाणी थोपवण्याची ताकद जाते, उडणंही जमत नाही. स्वतः फुल्मर मात्र हे तेल आपल्या पिसांवरून साफ करू शकतो. जुन्या नॉर्स भाषेत त्याच्या नावाचा अर्थच ‘घाणेरडा कुरव’. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या सेंट किल्डा बेटावरचे लोक हेच तेल दिव्यात जाळत आणि औषध म्हणूनही वापरत. शेवटची ३६ माणसं १९३० च्या ऑगस्टमध्ये बेट सोडून गेली.

आपल्याकडे बगळ्यांची पिल्लंही घाबरली की खाल्लेला मासा ओकून टाकतात. पावसाळ्यात बगळ्यांची घरटी असलेल्या झाडाखाली स्कूटर लावणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

तर जाणाऱ्यांसाठी. पफिन हवे असतील तर ऑगस्ट उजाडायच्या आत जा. फुल्मरची पिल्लं जुलैपासून, सप्टेंबरपर्यंत दिसतात. गडग्यावर हात, कोपर, पिशवी काहीही ठेवू नका, आधी पलीकडे कोण बसलंय ते दुरूनच बघा. ‘क-क-क’ ऐकू आलं की मागे सरका, फोटो राहू दे. माझ्या बाहीवर जे पडलं ते त्या पिल्लाचं जेवण होतं, हे मला बसमध्ये बसल्यावर सुचलं. कुररी (टर्न पक्षी) डोक्यावर झेपावतात, त्यासाठी काठी उंच धरायची; त्या सर्वांत उंच टोकावर चोच मारतात. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, बर्ड फ्लू तिथेही येऊन गेलाय.

अंगावर पडलंच, तर वाळू देऊ नका. कागदाने टिपा, भांड्याचा साबण चोळा आणि कपडा घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत वेगळा ठेवा. मी तो बॅगेत इतर कपड्यांबरोबर कोंबला. परतीच्या बोटीत आमच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहिल्या. भाची म्हणाली, केबिनपेक्षा हे स्वस्त पडलं.

गच्चीवर सध्या गल्लीतली तीन मांजरं जॅकेटखाली बसून असतात. सासूबाई म्हणतात, देऊन टाक त्यांना.