माळकरी अण्णांचं नाक

पावसाळ्यात वायनरीत कामं जरा सैल असतात. द्राक्षांचा खुडा जानेवारी ते मार्च, पुढे टाक्यांची धावपळ. जुलै-ऑगस्टात मग आम्ही तळघरातल्या जुन्या बाटल्या काढतो. दरवर्षीच्या रेड वाइनच्या काही पेट्या विक्रीला न पाठवता तिथे १४-१५ अंशांत ठेवलेल्या असतात. बूच ओलं राहावं म्हणून बाटल्या आडव्या. अधूनमधून एखादी उघडायची, चाखायची, थुंकायची आणि वहीत लिहायचं. मी लॅबमध्ये असल्यामुळे वही माझ्या ताब्यात.

त्या दिवशी २०१६ ची शिराझ (काळ्या द्राक्षाच्या त्याच नावाच्या जातीची रेड) होती, दिंडोरीकडच्या एकाच बागेतली. गाळ तळाला बसावा म्हणून बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवली होती. ही वाइन नवी असताना शाईसारखी जांभळी होती. मिऱ्याचा वास आणि हिरड्या आवळणारा तुरटपणा. आता पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरला तर कडेला विटकरी छटा. एवढं अपेक्षितच. टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारी द्रव्यं, आणि रंगद्रव्यं वर्षानुवर्षं एकमेकांना जोडली जातात, त्यातली काही गाळ होऊन खाली बसतात, रंग उतरतो आणि तुरटपणा मवाळ होतो. तोंडात ती खरंच मऊ लागत होती. चामडं, थोडी तंबाखू. पण या सगळ्यावर स्वार झालेला एक वास होता, सुकलेल्या फळाचा, गोडसर आणि जड.

"गेली ही," आमचे वाइनमेकर सर म्हणाले. "उन्हाळ्यात तळघराचा एसी बंद पडला होता ना, तेव्हाच शिजली."

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. हवा लागून अकाली म्हातारी झालेली रेड वाइन नेमका असाच, सुक्या आलुबुखारसारखा वास देते. म्हणून दुसरी बाटली काढली. तिलाही तोच वास, म्हणजे एखाद्या बुचाचा दोष नाही. बाटलीच्या मानेतली पातळीही उतरलेली नव्हती. मी म्हटलं, "सर, उष्णतेनं शिजली असेल तर शेजारच्या पेट्याही शिजायला हव्यात." २०१५ आणि २०१७ ची एकेक उघडली. दोन्ही चांगल्या होत्या, २०१७ तर तरतरीत. सर गप्प झाले, पण पटलेलं दिसेना.

तेवढ्यात बागेचे मालक अण्णा आले, सप्टेंबरातल्या गोडी छाटणीचं, म्हणजे फळासाठीच्या छाटणीचं, बोलायला. अण्णा माळकरी. इतकी वर्षं आम्हाला द्राक्षं देतात, पण वाइनचा थेंब कधी जिभेला लावलेला नाही. "वास घ्यायला काय हरकत?" म्हणत त्यांनी ग्लास नाकाशी नेला. बराच वेळ धरून ठेवला.

"मॅडम, हा तर बेदाण्याच्या शेडमधला वास. तासगावला माझ्या मेव्हण्याचं शेड आहे, तिथं शिरलं की असंच येतं. कुठल्या सालचा माल?"

मी साल सांगितलं.

"मग बरोबर. त्या साली तुमचा निरोप आला होता, टाकी मोकळी नाही, थांबा. थांबलो. मणी वेलीवरच सुरकुतले की!"

खुड्याचं जुनं रजिस्टर काढलं. शिराझ आम्ही साधारण २३-२४ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) तोडतो. त्या नोंदीत २६ च्या वर आकडा होता. तयार वाइनमध्ये अल्कोहोल १५ टक्क्यांपुढे. मणी सुकला की पाणी उडतं, साखर दाटते, आणि वाइन पहिल्या दिवसापासूनच मनुक्याचा वास घेऊन येते. तरुणपणी मिरी आणि ताज्या फळाखाली तो दबलेला असणार. फळ ओसरलं आणि हा मागे उरला. म्हणजे म्हातारपण तळघरात आलेलंच नव्हतं, निदान सगळं तरी नाही. ते बागेतूनच आलं होतं.

आपल्याकडची रेड उगाच दहा-पंधरा वर्षं दडपून ठेवण्याची हौस मला पटत नाही, ती यामुळेच. मार्चच्या उन्हात आंबटपणा झपाट्याने उतरतो, तो धरून खुडा वेळेत केला तरच ठेवण्यात अर्थ.

सरांनी वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'अतिपक्व माल. साठवणुकीचा दोष नाही. आणखी ठेवू नये.' उरलेल्या बाटल्या पाहुण्यांच्या जेवणासाठी बाजूला निघाल्या, मटणाबरोबर छान लागतील म्हणून.

अण्णा चहा पिता पिता म्हणाले, "छाटणीचं बोलायचं राहिलं. आणि सर, यंदा टाकीचं आधी सांगा."