किलपेकचा बांध अखेर उमटला

इंग्लंडमधील हेरफर्डजवळच्या किलपेक गावाची, तिथल्या जुन्या किल्ल्यासह, त्रिमितीय (थ्रीडी) छपाईने प्रतिकृती करत आहे. किल्ल्याचे टेकाड आणि खंदक पहिल्याच छपाईत सुरेख उतरले होते, हे मागील नोंदीत लिहिलेच आहे. अडले होते ते चर्चच्या ईशान्येकडील ओसाड मध्ययुगीन गावाभोवतीच्या मातीच्या बांधावर, आणि माझ्या लेखी हा सारा खटाटोप त्या बांधासाठीच आहे. किलपेकच्या चर्चवरील ८५ शिल्पांचे, त्यांतल्या शेजारी शेजारी बसलेल्या कुत्र्या-सशाचे कौतुक पुष्कळ होते आणि ते रास्तच आहे. पण गावाकडे फारसे कोणी वळत नाही. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत (इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-मोजदादीत) विल्यम फिट्झ नॉर्मनच्या या जहागिरीत ५७ माणसे आणि त्यांचे १९ नांगर नोंदलेले असून, त्यांच्याकडून येणे होते १५ सेस्टर (एक जुने माप) मध आणि १० शिलिंग. मधाच्या रूपाने भरणा करण्याची ही रीत वेल्श होती, कारण हेरफर्डच्या नैऋत्येचा हा आर्चेनफील्ड मुलूख इंग्लंडच्या राजाच्या अमलाखाली असूनही वेल्श रिवाजानेच चालत असे.

अडचण दुहेरी होती. लायडारच्या (लेसर किरणांनी विमानातून केलेल्या भूमापनाच्या) खुल्या विदेवरून केलेल्या छायानकाशात, म्हणजे कल्पित प्रकाश टाकून चढउतार दाखवणाऱ्या नकाशात, प्रकाश नेहमीप्रमाणे वायव्येकडून धरला, की त्याच दिशेने धावणारा उंचवटा सावलीअभावी लोप पावतो. प्रत्येक बिंदूवरून आकाशाचा किती भाग दिसतो, या हिशेबाने नकाशा केल्यावर बांध पडद्यावर स्पष्ट झाला. छपाईत मात्र तो पुन्हा हरवला. १:१००० या प्रमाणात अर्ध्या मीटरचा उंचवटा अर्धा मिलिमीटर होतो, म्हणजे छपाईयंत्र एकावर एक रचते त्या ०.२ मिलिमीटरच्या प्लास्टिकचे जेमतेम दोन-तीन थर, आणि उताराच्या पायऱ्यांत ते बेमालूम मिसळून जातात. उंची तिप्पट करून पाहिली, तर टेकाडाचा सुळका झाला आणि भूमीचा खरेपणाच गेला.

तोडगा निघाला तो तुकडा आडवा न छापता कडेवर उभा छापण्यात. अशाने उंचीतले बारकावे थरांच्या जाडीवर अवलंबून न राहता नोझलच्या (वितळलेले प्लास्टिक सोडणाऱ्या तोटीच्या) आडव्या हालचालीतून येतात. पायाला रुंद ब्रिम (तुकडा सुटू नये म्हणून भोवती छापलेली पातळ कड) द्यावी लागते, वेग निम्म्यावर आणावा लागतो आणि वेळ भरपूर जातो. पण आता बोट फिरवले की बांधाची कड आणि तिच्या आतली सपाट जागा वेगवेगळी कळते. फिलामेंट (छपाईची प्लास्टिकची तार) मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, पीएलए प्लास्टिकचेच घ्यावे, असे माझे ठाम मत आहे, कारण चकचकीत फिलामेंटवर सूक्ष्म चढउतार झळाळीत बुडतात. शिवाय नवे रीळही आधी वाळवून घ्यावे. एका विक्रेत्याने सीलबंद म्हणून पाठवलेले रीळ दमट निघाले आणि अख्खा तुकडा तंतूंनी भरला.

इंग्लंडचा राजा जॉन येथे येऊन गेला ते १२११ साल दाखवून टेकाडावर संपूर्ण बुरूज उभारायचा, असा बेत होता. तो आता सोडत आहे. लायडारने टिपलेली भूमी आजची आहे, तेव्हा बुरुजाच्या उरलेल्या भिंतींचे अवशेषच ठेवणे प्रामाणिक ठरेल. सुमारे ११४० मधील चर्च रेझिनमध्ये (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवात) वेगळे छापून बसवीन. हे लिहीत असतानाच आणखी एक कल्पना सुचली आहे: प्रतिकृतीभोवती अर्धवर्तुळाकार पट्टीवर सरकणारा छोटा एलईडी दिवा बसवला, तर पाहणाऱ्याला तिरपा प्रकाश हव्या त्या दिशेने टाकून बांधाची एकेक बाजू स्वतःच शोधता येईल. त्यासाठी तळपाट चारही बाजूंनी रुंद करावा लागणार असल्याने लाकूडकाम तूर्त थांबवले आहे.