लिंक कुणी उघडली?

सर्व्हरचे लॉग चाळताना एका ओळीपाशी थबकलो. पगारपत्रकाची फाइल बाहेरच्या, अनोळखी आयपी पत्त्यावरून उघडली गेली होती. लिंक लेखा विभागातल्या दोघांकडेच होती आणि तिच्या शेपटाला लांबलचक अक्षरमाळ असल्यामुळे ती अंदाजाने सापडणं अशक्य. थोडं वर सरकलो. आधी त्या दोघांपैकी एक असलेल्या मॅडमनी फाइल उघडली, मग काही वेळाने त्या परक्या पत्त्याने. आणखी काही फाइल्सच्या बाबतीतही तोच क्रम, आणि दर वेळी आधी मॅडमच.

"अहो, मी कुणालाही पाठवलेली नाही," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. माझाही त्यांच्यावर संशय नव्हता. अँटीव्हायरसला काही सापडलं नाही. ब्राउझरच्या कोपऱ्यात मात्र एक्स्टेंशनच्या, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामच्या, आयकॉनची रांग होती: पीडीएफ जोडणारं, कूपन शोधणारं, स्क्रीनशॉट काढणारं.

डेव्हलपर मोड चालू करून एकेका एक्स्टेंशनचा सर्व्हिस वर्कर, म्हणजे त्याचा पडद्यामागे चालणारा कोड, तपासायला घेतला. स्क्रीनशॉटवाल्यापाशी नेटवर्क टॅब, म्हणजे बाहेर जाणाऱ्या विनंत्यांची यादी, हलू लागली. मॅडम नुसतं पान बदलत होत्या आणि दर पानाला एक विनंती बाहेर जात होती. आतला मजकूर बेस ६४ या सहज उलगडता येणाऱ्या लिपीत गुंडाळलेला. उलगडला तर पानाचा पूर्ण पत्ता, त्या अक्षरमाळेसकट, आणि शेजारी शीर्षक. स्क्रीनशॉट एकही काढलेला नव्हता.

"पण कुलपाचं चिन्ह होतं ना?" मॅडमनी विचारलं. होतं की. पण ते कुलूप ब्राउझर आणि साइट यांच्यामधल्या रस्त्याचं. एक्स्टेंशन घरातच बसलेलं असतं, मजकूर उलगडल्यानंतर त्याच्यासमोर येतो. शिवाय त्याला कुकी, म्हणजे लॉगइनची खूण ठेवणारी नोंद, वाचायची परवानगी असेल, तर लॉगइन झालेलं सेशनच उचलता येतं. मग ओटीपीचाही उपयोग नाही.

मॅनिफेस्ट, म्हणजे एक्स्टेंशनच्या परवानग्या लिहिलेली फाइल, उघडला. सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी. चालू पानाचं चित्र काढायला एवढं लागत नाही. बटण दाबल्यावर त्याच टॅबपुरती परवानगी पुरते. पण इन्स्टॉल करताना ती चौकट कोण वाचतं? आणि वाचूनही भागत नाही, ही खरी गोम. नव्या आवृत्तीने जादा परवानगी मागितली तर क्रोम ते एक्स्टेंशन थांबवून विचारतो. आधीच सगळं देऊन बसलो असू, तर मालक बदलो की कोड बदलो, अपडेट गुपचूप येतं. 'द ग्रेट सस्पेंडर' हे लोकप्रिय एक्स्टेंशन २०२० मध्ये विकलं गेलं. २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलने ते मालवेअर म्हणून बंद केलं. डिसेंबर २०२४ मध्ये तर सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्याच एक्स्टेंशनची बाधित आवृत्ती स्टोअरवर चढली, कारण तिथला एक कर्मचारी फिशिंगला फसला. त्यामुळे स्टोअरवरचे तारे मी फारसे मोजत नाही. ते बहुतेक जुन्या आवृत्तीला मिळालेले असतात.

दुपारच्या बैठकीत साहेबांचा सूर होता, "सगळीच बंद करा." मी विरोध केला. जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन कितीतरी फसव्या जाहिराती दारातच रोखतं. पासवर्ड मॅनेजर नकली साइटवर पासवर्ड आपणहून भरत नाही, कारण पत्ता जुळत नाही; माणूस मात्र भरतो. या दोघांनाही सहसा व्यापक परवानगी लागते आणि ती द्यावी, असं मला वाटतं. कूपनवाल्याला तीच परवानगी कशासाठी? त्यातून मिळतं काय आणि धोका केवढा!

वादावादी झाली, पण शेवटी मंजूर यादी ठरली: यादीबाहेरचं काही इन्स्टॉलच होणार नाही. पगाराची नि बँकेची कामं ब्राउझरच्या वेगळ्या प्रोफाइलमध्ये, तिथे पासवर्ड मॅनेजर सोडून काही नाही. बाकीच्या एक्स्टेंशनचा साइट अॅक्सेस शक्य तिथे 'क्लिक केल्यावर'. फुटलेल्या लिंक रद्द केल्या, मॅडमची सगळी सेशन बंद करून पासवर्ड बदलले. ज्यांचे पगार त्या फाइल्समध्ये होते त्यांना कळवायचं काम साहेबांनी स्वतःकडे घेतलं.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "मग आता स्क्रीनशॉट कसा काढायचा?"

"विंडोज, शिफ्ट आणि एस," मी म्हणालो.