पांढरी बाटली

मे महिन्यातली ओहोटी. माहीमच्या खाडीत पाणी इतकं उतरलेलं की होडी मध्येमध्ये गाळात टेकत होती. पाण्याचे नमुने घेण्याचं काम मी अकरा वर्षं करतेय. बाटलीत हवेचा एक बुडबुडाही न ठेवता पाणी भरायचं, त्यात मँगनीज सल्फेट आणि आयोडाइड मिसळलेली अल्कली सोडायची, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. १८८८ सालची ही विंकलरची पद्धत. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. जितका जास्त, तितका गडद.

त्या दिवशी साका पांढराशुभ्र आला. नासलेल्या दुधासारखा, हळूहळू तळाशी बसत गेला. फिकट तपकिरी मी खूपदा पाहिला होता, असा कधीच नाही. रसायनात चूक झाली असेल म्हणून दुसरी बाटली भरली. तीही पांढरी.

"काय झालं, ताई?" वल्हं धरून बसलेल्या कोळी काकांनी विचारलं.

"काका, या पाण्यात माशाला श्वास घ्यायला काहीच नाही."

"माझ्या लहानपणी इथे कोलंबी मिळायची," एवढंच ते म्हणाले.

मग तळाचा गाळ वर काढला. काळाकुट्ट, कुजक्या अंड्यांच्या वासाचा. बोटांनी फोडून पाहिला: एक किडा नाही, किड्याचं बीळ नाही. आणि मला खुनमोह आठवलं. श्रीनगरजवळच्या या गावाशेजारी, गुर्युल दरीत, पर्मियन काळाच्या अखेरचे थर उघडे पडलेत. एमएस्सीच्या सहलीत तिथला काळा, पापुद्र्यांचा खडक मी हातात घेतला होता. प्राणवायू संपला की सल्फेटवर जगणारे जीवाणू सल्फाइड तयार करतात, त्यात लोह मिसळून गाळ काळा होतो. बिळं करणारं कुणी उरलं नाही की थर विस्कटत नाहीत, जसेच्या तसे राहतात.

२५.२ कोटी वर्षांपूर्वी, त्याच पर्मियन काळाच्या अखेरीस, सायबेरियातल्या ज्वालामुखींनी प्रचंड कार्बन डायऑक्साइड ओकला आणि समुद्र तापला. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि त्याच उष्णतेत प्राण्याच्या शरीराला तो जास्त लागतो. दोन्हीकडून कोंडी. समुद्रातल्या दहांपैकी आठ-नऊ जाती गेल्या. थंड पाण्यातल्या प्राण्यांना तर हटायला जागाच नव्हती. ध्रुवांकडे नुकसान अधिक झालं, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेलं एक संशोधन सांगतं.

माहीमचं कारण वेगळं आहे, हे मला माहीत आहे. इथे सांडपाणी कुजताना प्राणवायू खातं. पण १९६० नंतर जगातल्या समुद्रांनी सुमारे दोन टक्के प्राणवायू गमावलाय, आणि आपल्याच अरबी समुद्रात दीडशे मीटरखाली तो जवळपास नसलेला जाडजूड थर आहे. म्हणून त्या पांढऱ्या साक्याकडे मला फक्त खाडीचा आकडा म्हणून बघता येईना.

आम्ही भरतीची वाट बघत थांबलो. दुपारी पाणी चढलं, तिसरी बाटली भरली. साका चहासारखा तपकिरी आला. काकांनी ती माझ्या हातातून घेतली आणि उन्हात धरून बराच वेळ बघत राहिले.